ऱ्हासाच्या आलेखाची स्पर्शिका : अणुभौतिकी, विकलन आणि निर्देशक भूमिती यांचा एकत्र सराव

अजिंक्यताऱ्याखाली (सातारा)

सप्रेम नमस्कार. मी साताऱ्यात कनिष्ठ महाविद्यालयात बरीच वर्षे भौतिकशास्त्र शिकवले आणि आता निवृत्त आहे. रविवारी सकाळी बारावीची सात-आठ मुले उदाहरणे सोडवायला घरी येतात. गेल्या रविवारी त्यांच्यातील एका मुलीने तिच्या खासगी क्लासमधून मिळालेला उदाहरणसंच आणला होता. किरणोत्सर्गी ऱ्हासावरची चाळीस उदाहरणे तिने एकटीने सोडवली होती आणि त्यांतील दोनच चुकली होती. मी तिला सहज म्हटले, की ऱ्हासाचा आलेख काढ, शून्य वेळेच्या बिंदूपाशी त्याला स्पर्शिका काढ आणि ती वेळेच्या अक्षाला कुठे छेदते ते सांग. ती थोडा वेळ कागदाकडे पाहत राहिली आणि म्हणाली, "सर, हे मॅथ्सच्या वहीत येतं."

तिचे काही चुकले नाही. आपणच तिला तीन वह्या घालायला लावल्या आहेत. अन्वस्त (पॅराबोला) अकरावीच्या वहीत आहे, विकलनाचे, म्हणजे बदलाचा दर काढण्याचे, उपयोजन बारावीच्या गणिताच्या वहीत आहे आणि अणू व केंद्रक भौतिकशास्त्राच्या वहीत शेवटी येतात, तेही जानेवारीच्या घाईत. प्रत्येक वहीत सूत्रे पाठ असतात, पण या वहीतले त्या वहीत नेताना मूल अडखळते. अशा उदाहरणांचा सराव इथे सर्वांसमोर करावा, या हेतूने हा धागा काढत आहे. सुरुवातीला तीनच उदाहरणे देतो. उत्तरापेक्षा तिथपर्यंतची वाट लिहावी, आणि चुकलेली वाटही पुसून न टाकता तशीच ठेवावी, ही विनंती.

पहिले : हायड्रोजनच्या अणूंचा वायू मूल, म्हणजे सर्वांत कमी ऊर्जेच्या, अवस्थेत आहे. त्यावर आधी १२.५ इलेक्ट्रॉनव्होल्ट ऊर्जेच्या फोटॉनांचा झोत सोडला आणि नंतर, वेगळ्या प्रयोगात, १२.५ इलेक्ट्रॉनव्होल्ट गतिज ऊर्जेच्या इलेक्ट्रॉनांचा झोत सोडला. प्रत्येक वेळी वायूतून कोणकोणत्या तरंगलांबीचे प्रारण बाहेर पडेल?

दुसरे : य² = ४क्ष या अन्वस्तावरील कोणता बिंदू (३, ०) या बिंदूला सर्वांत जवळ आहे? मग (३, ०) ऐवजी (१, ०) घेऊन तेच करावे.

तिसरे : आयोडीन-१३१ चे अर्धायुष्य, म्हणजे साठा निम्मा व्हायला लागणारा काळ, सुमारे ८ दिवस आहे. सुरुवातीला १०० एकक घेऊन आलेख काढावा. शून्याव्या आणि आठव्या दिवशी काढलेल्या स्पर्शिका वेळेच्या अक्षाला कुठे छेदतात, आणि २० दिवसांनी किती एकक शिल्लक राहतात?

रफ_वही (सांगली)

सर, मी बारावीत आहे. पहिले उदाहरण मी असे सोडवले. ऊर्जापातळी म्हणजे वजा १३.६ भागिले एन² असे धरले (एन म्हणजे पातळीचा क्रमांक). पहिली पातळी वजा १३.६, दुसरी वजा ३.४, तिसरी वजा १.५१ आणि चौथी वजा ०.८५ इलेक्ट्रॉनव्होल्ट आली. मूल अवस्थेतून तिसऱ्या पातळीवर जायला १२.०९ लागतात आणि चौथ्या पातळीवर जायला १२.७५ लागतात. आपल्याकडे १२.५ आहेत, म्हणजे इलेक्ट्रॉन तिसऱ्या पातळीपर्यंत पोहोचेल आणि उरलेले ०.४१ वाया जातील. तिसऱ्या पातळीवरून खाली येताना तीन रेषा मिळतात. तरंगलांबी काढण्यासाठी १२४० ला इलेक्ट्रॉनव्होल्टमधील ऊर्जेने भागले, कारण त्यामुळे उत्तर थेट नॅनोमीटरमध्ये येते. १२.०९ साठी सुमारे १०२.६, १०.२ साठी १२१.६ आणि १.८९ साठी ६५६ नॅनोमीटर आले. ऊर्जा दोन्ही झोतांत सारखीच असल्यामुळे उत्तरही सारखेच असेल, असे मला वाटते.

यवतेश्वर_घाट (सातारा)

तुझे आकडे बरोबर आहेत, पण शेवटचे वाक्य चुकले आहे, आणि उदाहरणाची सगळी मेख त्याच वाक्यात आहे. फोटॉन अर्धा देता येत नाही. अणूने फोटॉन घेतला तर तो अख्खा घेतला पाहिजे, आणि १२.५ इलेक्ट्रॉनव्होल्ट या ऊर्जेवर बसणारी पातळी हायड्रोजनमध्ये नाही. तुझे ०.४१ "वाया" जायला जागाच नाही. म्हणून पहिल्या प्रयोगात शोषण होणार नाही आणि रेषाही मिळणार नाहीत. इलेक्ट्रॉनाचे तसे नाही. तो अणूवर आदळतो, आपल्या गतिज ऊर्जेतले १२.०९ किंवा १०.२ देतो आणि उरलेली ऊर्जा घेऊन पुढे निघून जातो. तू काढलेल्या तीनही रेषा दुसऱ्या प्रयोगाच्या आहेत.

हे केवळ पुस्तकातले नाही. फ्रँक आणि हर्ट्झ यांनी १९१४ मध्ये पाऱ्याच्या वाफेतून इलेक्ट्रॉन सोडले, तेव्हा सुमारे ४.९ इलेक्ट्रॉनव्होल्ट ऊर्जा होईपर्यंत इलेक्ट्रॉन जवळपास काहीही न गमावता वाफेतून जात होते. त्या आकड्याला पोहोचले की मात्र ती ऊर्जा पाऱ्याच्या अणूला देऊन मोकळे होत होते. वाफेतून येणारा अतिनील प्रकाश सुमारे २५४ नॅनोमीटरचा होता. १२४० ला ४.९ ने भागून पाहा.

रफ_वही (सांगली)

भागून पाहिले, २५३ आले. माझी चूक कळली. एक शंका राहते. एकाच अणूकडे पाहिले तर तीन रेषा कशा मिळतील? तो एकतर थेट खाली येईल किंवा दोन टप्प्यांत येईल.

यवतेश्वर_घाट (सातारा)

मिळणार नाहीत. एका अणूकडून एका उतरणीत जास्तीत जास्त दोन फोटॉन मिळतील. तीन रेषा वायूच्या आहेत, कारण त्यातले काही अणू या वाटेने उतरतात आणि काही त्या वाटेने. "एन गुणिले एन वजा एक, भागिले दोन" हे सूत्र वायूसाठी आहे. प्रश्नात "एक अणू" असे लिहिले असेल तर ते सूत्र बाजूला ठेव.

कराडची_आई

आपला उपक्रम चांगला आहे, तरी एक व्यावहारिक अडचण मांडते. माझा मुलगा सीईटीची तयारी करत आहे. गणिताच्या पेपरात ९० मिनिटांत ५० प्रश्न असतात, म्हणजे एका प्रश्नाला दोन मिनिटांहून कमी वेळ मिळतो. भौतिकशास्त्र आणि रसायनशास्त्राला मिळून ९० मिनिटांत १०० प्रश्न. त्या वेळात तो आलेख कधी काढणार आणि स्पर्शिका कधी काढणार? शिवाय तिथे चुकलेल्या उत्तराला गुण कापत नाहीत, त्यामुळे क्लासमध्ये सर्रास "येत नसेल तर ठोका" असे सांगितले जाते.

अजिंक्यताऱ्याखाली (सातारा)

आपले म्हणणे रास्त आहे. परीक्षेत कोणी आलेखाचा कागद घेऊन बसत नाही, आणि न येणारा प्रश्न सीईटीत कोरा ठेवू नये हेही खरे आहे. मात्र सरावाच्या वेळी ज्याने पाच आलेख हाताने काढले आहेत, त्याला परीक्षेत सहावा आलेख न काढता दिसतो. वर रफ_वहीने १२४० चा आकडा वापरला, तोही असाच हाताशी आलेला आहे. बोर्डाच्या पेपरात लॉग टेबल तरी असते. सीईटीत तेही नसते, त्यामुळे अंदाज ज्याच्या अंगवळणी पडला आहे तोच वेळ वाचवतो. चारशे उदाहरणांची छापील थप्पी देणाऱ्यांवर माझा राग आहे, तो तेवढ्यापुरताच आहे. ती उदाहरणे वाईट नसतात, पण त्यांतली साडेतीनशे एकाच साच्यातून पडलेली असतात.

रफ_वही (सांगली)

दुसरे उदाहरण केले. अन्वस्तावरच्या बिंदूपासून (३, ०) पर्यंतच्या अंतराचा वर्ग (क्ष − ३)² + य² होतो. य² च्या जागी ४क्ष घातल्यावर क्ष² − २क्ष + ९ मिळाले. त्याचे विकलन २क्ष − २ आहे, ते शून्य केल्यावर क्ष = १ आणि य = २ किंवा वजा २. अंतर २√२ आले.

पण (१, ०) घेतल्यावर गाडी अडली. अंतराचा वर्ग क्ष² + २क्ष + १ झाला, विकलन २क्ष + २ झाले आणि ते शून्य केल्यावर क्ष = −१ आले. मग य² = −४ होते, जे शक्य नाही. प्रश्नात छपाईची चूक आहे का, हे तपासण्यासाठी मी तीनदा करून पाहिले.

अजिंक्यताऱ्याखाली (सातारा)

तू तीनदा करून पाहिलेस आणि उत्तर खोटे लिहिले नाहीस, हे फार चांगले झाले. प्रश्न बरोबर आहे. विकलन शून्य जिथे होते तिथेच किमान मूल्य असते असे नाही. आपला क्ष शून्यापासून पुढे आहे, अन्वस्ताला डावीकडे अंगच नाही. शून्यापासून पुढे २क्ष + २ सतत धन राहते, म्हणजे अंतर वाढतच जाते. म्हणून सर्वांत जवळचा बिंदू टोकाचा, म्हणजे शिरोबिंदू (०, ०), आणि अंतर १. टोके तपासायची राहून जाणे ही या प्रकरणातली सर्वांत जुनी चूक आहे.

आता तुझ्याच राशीकडे नीट पाहा. क्ष² + २क्ष + १ म्हणजे (क्ष + १)². त्याचे वर्गमूळ क्ष + १, आणि ते म्हणजे बिंदूपासून क्ष = −१ या रेषेपर्यंतचे अंतर. (१, ०) ही या अन्वस्ताची नाभी आहे आणि क्ष = −१ ही नियतरेषा आहे. नाभीपासूनचे अंतर नियतरेषेपासूनच्या अंतराइतके असते, ही अकरावीत पाठ केलेली व्याख्या तुझ्या रफ वहीत आपोआप येऊन बसली आहे आणि तू तिला छपाईची चूक समजत होतीस.

पहिल्या भागातही एक गोष्ट पाहण्यासारखी आहे. (१, २) पाशी स्पर्शिकेचा चढ काढ. २य गुणिले चढ बरोबर ४, म्हणून चढ १. अभिलंबाचा, म्हणजे स्पर्शिकेला काटकोनात असलेल्या रेषेचा, चढ मग वजा १, आणि त्या बिंदूतून तो काढला तर क्ष-अक्षाला बरोबर ३ वर भेटतो. सर्वांत जवळच्या बिंदूकडे जाणारी रेषा वक्राला काटकोनात मिळते. विकलन शून्य करताना आपण हेच वेगळ्या भाषेत लिहीत असतो.

कृष्णाकाठ (सांगली)

विकलनाबद्दल सांगलीकराने बोलायचे तर पुराशिवाय दुसरे उदाहरण कशाला हवे? आयर्विन पुलाजवळ पाण्याची पातळी मोजतात. ४० फुटांना इशारा पातळी आणि ४५ फुटांना धोका पातळी. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी ५७ फुटांच्या पुढे गेले होते. त्या दिवसांत आमच्या घरात फोनवर दोन प्रश्न विचारले जात. पहिला, "पाणी किती फुटांवर आहे?" आणि दुसरा, "तासाला किती इंच चढतंय?" सामान भरून निघायचे की थांबायचे हे आमचे वडील नेहमी दुसऱ्या प्रश्नाच्या उत्तरावर ठरवत. पहिला प्रश्न पातळीचा आहे आणि दुसरा तिच्या विकलनाचा.

पुढची गोष्ट परीक्षेच्या दृष्टीने अधिक कामाची आहे. निरोप येई, "पाणी स्थिर आहे." विकलन शून्य झाले, म्हणजे आता उतार पडणार, असे समजून लोक निर्धास्त होत. पण वरून कोयनेचा विसर्ग वाढला असेल तर तेच स्थिर पाणी काही तासांनी पुन्हा चढायला लागते. शून्य विकलनाचा बिंदू हा शिखरच असेल असे नाही, तो चढातला एक सपाट टप्पाही असू शकतो. क्ष³ चा आलेख शून्यापाशी असाच वागतो. आधी चढ होता का आणि नंतर उतार आहे का, हे दोन्ही बाजूंनी पाहिल्याशिवाय कमाल मूल्य लिहू नये. प्रथम विकलनाची कसोटी मला पुस्तकातून कधीच लक्षात राहिली नव्हती, ती त्या पुरात पक्की झाली.

मिरजेची_तार

मी मिरजेत तंतुवाद्यांच्या कारागिरांच्या शेजारी राहतो आणि पदवीच्या वर्गाला भौतिकशास्त्र शिकवतो. अणूच्या प्रकरणात मुले एक ठरावीक चूक करतात, ती इथे नोंदवतो. तंबोऱ्याच्या तारेची कंप पावणारी लांबी समजा ९० सेंटिमीटर आहे. दोन्ही टोके बांधलेली असल्यामुळे तारेवर अर्ध्या लहरी पूर्ण संख्येने बसतात. मूळ स्वराची तरंगलांबी १८० सेंटिमीटर, मध्यावर बोट हलके टेकवून छेडले तर ९०, आणि तिसऱ्या भागावर टेकवले तर ६०. म्हणजे एन वाढला की तरंगलांबी घटते. दे ब्रॉग्ली यांची १९२४ ची कल्पना शिकवताना "इलेक्ट्रॉनाची लहर कक्षेत तारेसारखी बसते" असे आपण सांगतो, आणि मुले सरळ लिहितात की दुसऱ्या कक्षेत तरंगलांबी निम्मी होते.

आकडे घालून पाहावे. हायड्रोजनच्या पहिल्या कक्षेची त्रिज्या ०.५२९ अँगस्ट्रॉम, परीघ ३.३२, आणि त्यावर एक पूर्ण लहर बसते. दुसऱ्या कक्षेची त्रिज्या चौपट, परीघ १३.३, त्यावर दोन लहरी, म्हणून तरंगलांबी ६.६५. तिसऱ्या कक्षेची त्रिज्या नऊपट, परीघ २९.९, त्यावर तीन लहरी, म्हणजे तरंगलांबी जवळजवळ १० अँगस्ट्रॉम. इथे एन वाढला की तरंगलांबी वाढते. तारेची लांबी घोडीने आणि मेरूने पक्की केलेली असते. कक्षेचा परीघ मात्र एनच्या वर्गाने वाढतो, आणि दोन्हींतला फरक तेवढाच आहे. तरंगलांबी वाढते याचा अर्थ संवेग कमी होतो, आणि वरच्या कक्षेत इलेक्ट्रॉन सावकाश फिरतो हे बोरच्या सूत्रातूनही मिळते. म्हणजे पडताळाही झाला.

अजिंक्यताऱ्याखाली (सातारा)

उत्तम. केवळ नोंद म्हणून सांगतो, की कक्षेतली ही लहर उदाहरणे सोडवण्यापुरती वापरावी. १९२६ नंतरच्या पुंजयामिकीत हायड्रोजनच्या मूल अवस्थेत इलेक्ट्रॉनाचा कक्षीय कोनीय संवेग शून्य निघतो, बोरच्या १९१३ च्या गणितात तो शून्य नव्हता. ऊर्जेचे आकडे दोन्हीकडे जुळतात, चित्र जुळत नाही. बारावीच्या पेपरात बोरचेच उत्तर अपेक्षित असते, तेव्हा गोंधळून जाऊ नये.

तिसऱ्या उदाहरणाला अजून कोणी हात लावलेला नाही.

कराडची_आई

मुलाला बसवून तिसरे उदाहरण करून घेतले. त्याने २० दिवसांचे उत्तर १८.७५ एकक काढले आहे. सोळाव्या दिवशी २५ आणि चोविसाव्या दिवशी १२.५ एकक उरतात, आणि विसावा दिवस बरोबर मध्ये येतो, म्हणून दोन्हींची सरासरी घेतली, असे तो म्हणतो. मला ते पटले, पण उत्तर बरोबर आहे का?

कृष्णाकाठ (सांगली)

सरासरी घेणे म्हणजे आलेखावरचे ते दोन बिंदू सरळ रेषेने जोडणे. ऱ्हासाचा आलेख मात्र त्या रेषेच्या खाली झुकलेला असतो, त्यामुळे खरे उत्तर १८.७५ पेक्षा कमीच येणार, हे आकडेमोड न करताही सांगता येते. २० दिवस म्हणजे अडीच अर्धायुष्ये. १०० ला दोनाच्या अडीचाव्या घाताने भागायचे. दोनाचा वर्ग ४ आणि दोनाचे वर्गमूळ १.४१४, गुणाकार ५.६५७, म्हणून उत्तर १७.७ एकक. लॉग टेबलाचीही गरज पडत नाही. पर्यायांत १८.७५ आणि १७.७ दोन्ही दिलेले असले, तर घाईत पहिल्यावरच खूण होते. आपल्या मुलाने "मध्ये येतो" म्हटले ते वेळेच्या अक्षावर खरे आहे. उभ्या अक्षावर सरासरी घ्यायचीच असेल तर ती गुणोत्तराची घ्यावी. २५ आणि १२.५ यांच्या गुणाकाराचे वर्गमूळ काढून पाहावे, तेच १७.७ येईल.

रफ_वही (सांगली)

स्पर्शिकांचा भाग मी केला. ऱ्हासाचा दर वजा लॅम्डा (ऱ्हासाचा स्थिरांक) गुणिले शिल्लक केंद्रके, म्हणून शून्याव्या दिवशी चढ वजा लॅम्डा गुणिले १००. लॅम्डा म्हणजे ०.६९३ भागिले ८, सुमारे ०.०८६६. चढ वजा ८.६६ आला, म्हणजे सुरुवातीच्या वेगाने रोज ८.६६ एकक कमी होत राहिले असते तर सगळा साठा ११.५ दिवसांत संपला असता. स्पर्शिका अक्षाला ११.५ वर छेदते. हे एक भागिले लॅम्डा आहे, आणि भौतिकशास्त्राच्या वहीत "सरासरी आयुष्य" म्हणून चौकटीत लिहिलेले सूत्रही हेच आहे. ते कुठून येते हे मला माहीत नव्हते. प्रत्यक्षात त्या दिवशी ३६.८ एकक शिल्लक असतात.

आठव्या दिवशी ५० एकक आहेत, चढ वजा ४.३३. ५० भागिले ४.३३ पुन्हा ११.५ आले. म्हणून ती स्पर्शिका १९.५ वर छेदते. सोळाव्या दिवशीही करून पाहिले, ती २७.५ वर छेदते. कुठूनही निघाले तरी पुढचे अंतर ११.५ च राहते.

अजिंक्यताऱ्याखाली (सातारा)

सर्व बरोबर आहे. उरलेल्या साठ्याला आपण जुने आहोत की नवे हे ठाऊक नसते, म्हणून प्रत्येक स्पर्शिका अक्षावर तेवढेच अंतर कापते. आता अन्वस्ताकडे परत ये. (३, ०) घेतल्यावर दोन बिंदू मिळाले आणि (१, ०) घेतल्यावर शिरोबिंदू मिळाला. म्हणजे मध्ये कुठेतरी हा बदल होतो. क्ष-अक्षावरचा बिंदू कोणत्या जागेपलीकडे गेला की शिरोबिंदू सर्वांत जवळचा राहत नाही?

रफ_वही (सांगली)

बिंदू (ह, ०) धरला. अंतराचा वर्ग क्ष² + (४ − २ह)क्ष + ह². विकलन शून्य केल्यावर क्ष = ह − २. क्ष ऋण चालत नाही, म्हणून ह दोनपेक्षा मोठा असेल तरच शिरोबिंदूपासून सुटका होते. उत्तर २, म्हणजे नाभीच्या अंतराच्या दुप्पट.

ऱ्हासाचा आलेखही आज आलेखाच्या कागदावर काढून पाहिला. शून्याव्या दिवसाची स्पर्शिका साडेअकराला छेदली. आठव्या दिवसाची मात्र १९ आणि २० च्या मध्ये कुठेतरी पडली, त्याहून नेमके सांगता येत नाही. पेन्सिलीला टोक नव्हते.